क्रिस्टलसाठी ऑक्टल सॉकेट : जुगाड नव्हे, मापाचा मेळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत घरी बनवलेल्या हौशी रेडिओ संचावर अर्धे पान मजकूर आणि तीन छायाचित्रे आली. मराठी दैनिकात या विषयाला एवढी जागा मिळालेली मी फार दिवसांनी पाहिली, त्याबद्दल प्रथम आभार. मात्र दुसऱ्या छायाचित्राखाली ‘भंगारातल्या व्हॉल्व्ह सॉकेटात क्रिस्टल खोचून केलेला जुगाड’ अशी ओळ छापली आहे आणि तिच्यातल्या शेवटच्या शब्दाला माझा आक्षेप आहे. त्याहून गंभीर बाब अशी की, त्या सॉकेटाच्या खालच्या बाजूची वायरिंग कशी केली आहे, याविषयी संपूर्ण मजकुरात एक शब्दही नाही. क्रिस्टल, म्हणजे संचाची वारंवारता ठरवणारी क्वार्ट्झची चकती, जुन्या सॉकेटात बसवणे सोपे आहे. परंतु ते सॉकेट चुकीच्या पद्धतीने जोडले तर क्रिस्टल बदलणाऱ्याच्या बोटांना २५० व्होल्टचा झटका बसू शकतो, आणि हे मी ऐकीव सांगत नाही.

मी सोलापुरातल्या एका कापड गिरणीच्या विद्युत विभागात नोकरी केली आणि निवृत्त झालो. हौशी रेडिओचा परवाना मात्र नोकरीत असतानाच काढला होता आणि तो आजही चालू आहे. व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या निर्वात नळ्यांचे, संच बांधणे हा माझा छंद असल्यामुळे पुढील मजकूर थोडा लांबला आहे; संपादनात कात्री लावायची झाल्यास ती माझ्या आठवणींना लावावी, उच्चदाबाविषयीच्या परिच्छेदाला लावू नये, ही विनंती.

प्रथम ‘जुगाड’विषयी. जी वस्तू ज्या कामासाठी नाही त्या कामाला ती ओढूनताणून लावणे, असा या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ. छायाचित्रातले क्रिस्टल एफटी-२४३ या नावाच्या डबीतले दिसते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या वायरलेस संचांसाठी या डब्या मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या; सैनिक हातात धरून बोलत असत त्या बीसी-६११ या छोट्या संचातही त्याच होत्या. युद्ध संपल्यावर उरलेला माल बाजारात आला आणि जगभरच्या हौशी रेडिओचालकांच्या हाती लागला. तपकिरी किंवा काळ्या बेकेलाइटची चपटी डबी, तोंडावर तीन स्क्रूंनी बसवलेले झाकण, खाली दोन जाड पिना आणि पाटीवर किलोसायकलमध्ये (आजच्या भाषेत किलोहर्ट्झमध्ये) लिहिलेला आकडा, असे तिचे रूप असते. आत क्वार्ट्झची चौकोनी चकती दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये स्प्रिंगच्या दाबाने धरलेली असते. सात मेगाहर्ट्झची एटी कटची, म्हणजे ठरावीक कोनात कापलेली, चकती जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची असते, म्हणून डबी उघडून पाहण्याचा मोह ज्यांना आवरत नाही त्यांनी ती चकती फक्त कडांनी धरावी.

आता मापे पाहू. या डबीच्या दोन पिनांमधले अंतर ०.४८६ इंच आणि पिनेचा व्यास ०.०९३ इंच. व्हॉल्व्हचे आठ पिनांचे ऑक्टल सॉकेट १९३५ साली अमेरिकेत धातूच्या व्हॉल्व्हबरोबर आले. त्याच्या आठ पिना ११/१६ इंच व्यासाच्या वर्तुळावर समान अंतराने बसवलेल्या असतात आणि ऑक्टल पिनेचा व्यासही ०.०९३ इंचच असतो. शाळेतली भूमिती आठवावी. आठांपैकी एक सोडून एक पीन घेतली की त्या वर्तुळात चौरस तयार होतो आणि चौरसाची बाजू म्हणजे व्यासाला दोनच्या वर्गमूळाने भागून येणारी संख्या. ११/१६ म्हणजे ०.६८७५, त्याला १.४१४ ने भागले की उत्तर येते ०.४८६. म्हणजे एक आणि तीन, दोन आणि चार, तीन आणि पाच, अशा कोणत्याही एकाआड एक भोकांत ही डबी सॉकेट तिच्यासाठीच ओतले असावे तशी बसते. ना पीन वाकवावी लागते, ना भोक मोठे करावे लागते. याला मी मापाचा मेळ म्हणेन.

माझ्या शेजारचा पदविकेचा एक विद्यार्थी आपले छापलेले पान घेऊन माझ्याकडे आला होता. “काका, मी एक आणि चारमध्ये लावून पाहिलं, जातच नाही,” अशी त्याची तक्रार होती. त्याच्या हातात व्हर्निअर कॅलिपर दिला. त्याने पिना मोजल्या, वर्तुळ मोजले, वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला आणि १२.३ मिलिमीटर हे उत्तर दोन्हीकडून जुळलेले पाहून त्याने पुढे काही विचारले नाही. डबी एक आणि तीनमध्ये दाबली आणि ती बसल्याचा ‘टक’ असा आवाज दोघांनीही ऐकला.

आता वायरिंग. नवखा माणूस साधारणपणे सॉकेटाखालच्या दोनच टॅगना, म्हणजे तार जोडायच्या पट्ट्यांना, तारा जोडतो, उरलेले सहा मोकळे ठेवतो आणि मग कोणती दोन भोके खरी, हे वरून कळावे म्हणून रंगाचा ठिपका देतो. ठिपका पुसला जातो, रात्री दिव्याच्या उजेडात दिसत नाही, आणि क्रिस्टल भलत्याच भोकांत जाऊन ‘ऑसिलेटर मेला’, म्हणजे लहरी निर्माण करणारा भाग बंद पडला, म्हणून तासभर शोधाशोध होते. माझ्या पद्धतीत आठही टॅग वापरात येतात. एक, दोन, पाच आणि सहा हे चार टॅग एकमेकांना जोडून एक टोक करावे. तीन, चार, सात आणि आठ जोडून दुसरे टोक करावे. आता कोणतीही एकाआड एक जोडी घ्या : एक-तीन, दोन-चार, तीन-पाच, चार-सहा, पाच-सात, सहा-आठ, सात-एक, आठ-दोन. प्रत्येक जोडीत एक पीन पहिल्या टोकाला आणि दुसरी दुसऱ्या टोकाला जाते. क्रिस्टल डोळे मिटून कसेही लावले तरी ते चालते. आणखी एक गंमत अशी की, सॉकेटाचे आकडे खालच्या बाजूने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायचे असतात आणि नवशिक्या हमखास वरून मोजून उलटा क्रम लावतो. या मांडणीत उलटे मोजले तरी गट तेच राहतात. चूक पचवणारी वायरिंग मला आवडते, कारण गिरणीत रात्रपाळीला पॅनेल उघडणारा माणूस नेहमी जागा असतोच असे नाही.

प्रत्यक्ष जोडताना शेजारचे टॅग, म्हणजे एक-दोन, तीन-चार, पाच-सहा आणि सात-आठ, आधी उघड्या २२ गेजच्या कल्हईच्या तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडून घ्यावेत. त्यानंतर समोरासमोरच्या जोड्यांना सांधणाऱ्या दोन आडव्या तारा येतात आणि त्या मध्यभागी एकमेकींवरून जातात. दोन्हींवर स्लीव्ह चढवावी आणि एक तार सॉकेटाच्या तळाजवळून, तर दुसरी थोडी उंचावरून न्यावी. त्या एकमेकींना पीळ घालून नेऊ नयेत, कारण दोन तारा जितक्या जवळ तितकी त्यांच्यातली कपॅसिटी (विद्युतभार साठवण्याची क्षमता) अधिक, आणि ही कपॅसिटी क्रिस्टलला समांतर पडते. आठही टॅग वापरल्यामुळे काही पिकोफॅरड वाढणारच. त्याने क्रिस्टल पाटीवरच्या आकड्यापेक्षा किंचित खाली, सात मेगाहर्ट्झवर फार तर काहीशे हर्ट्झ, चालते. मोर्सच्या संचात याने काही बिघडत नाही. ज्याला अचूक आकडा हवा आहे त्याने ट्रिमर, म्हणजे फिरवून जुळवायचा छोटा कपॅसिटर, लावावा. ओव्हरटोन क्रिस्टलवर, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीजवळ कंप पावणाऱ्या क्रिस्टलवर, चालणाऱ्या व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या) संचात मात्र ही मांडणी करू नये. तिथे दोनच टॅग आणि शक्य तितक्या आखूड तारा.

एकाच सॉकेटात दोन क्रिस्टल ठेवून स्विचने निवडायचे असतील तर वायरिंग वेगळी करावी लागते. एक-तीनमध्ये पहिले आणि पाच-सातमध्ये दुसरे क्रिस्टल बसते. दोन्ही डब्या पाठीला पाठ लावून जेमतेम मावतात, मध्ये वहीच्या पुठ्ठ्याएवढी फट राहते. तीन आणि सात चासिसला, म्हणजे संचाच्या धातूच्या सांगाड्याला, जोडावेत आणि एक व पाच हे स्विचच्या दोन टोकांना न्यावेत. वर सांगितलेल्या चार-चारच्या मांडणीत चुकूनही दोन क्रिस्टल एकाच वेळी लावू नयेत. दोन्ही समांतर जोडली जातात आणि ऑसिलेटर मग आपल्या मर्जीने कोणतेही एक पकडतो किंवा एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. क्रिस्टल ऑसिलेटरच्या पिअर्स या प्रसिद्ध मांडणीत क्रिस्टल व्हॉल्व्हच्या प्लेट (उच्चदाब मिळणारे टोक) आणि ग्रिड (प्रवाहावर ताबा ठेवणारे टोक) यांच्यामध्ये जोडतात. घटक कमी लागतात आणि ट्यून करावी लागणारी कॉइल नसते, म्हणून नवशिके हीच मांडणी निवडतात. पण जुन्या आकृत्यांमध्ये क्रिस्टलचे एक टोक सरळ प्लेटला दाखवलेले असते. याचा अर्थ असा की, क्रिस्टलच्या सॉकेटाच्या एका टोकावर संपूर्ण एच.टी., म्हणजे उच्चदाबाची डीसी, उघडी उभी असते. आणि मी शिफारस केलेल्या मांडणीत तर आठांपैकी चार भोकांवर ती येते. सॉकेट पुढच्या पॅनेलवर, हाताशी, वारंवार बोटे लागतील अशा ठिकाणी.

१९७९ च्या उन्हाळ्यात माझ्या ६एसजे७ या व्हॉल्व्हच्या ऑसिलेटरवर हेच घडले. एच.टी. २५० व्होल्ट होती. संच बंद न करताच मी एक क्रिस्टल काढून दुसरे लावायला गेलो. डबी घट्ट बसली होती म्हणून दोन बोटांनी हलवत हलवत उपसत होतो. पिना अर्ध्या बाहेर आल्या, पण आत अजून टेकलेल्याच होत्या, आणि माझ्या तर्जनीचे टोक नेमके प्लेटकडच्या पिनेला लागले. डाव्या हाताचा तळवा चासिसवर होता. हात उडाला, क्रिस्टल खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर जाऊन आपटले आणि मी खुर्चीसकट मागे गेलो. आमच्या घरात मी फरशीवर बसून काम करण्याचा नियम तेव्हापासून आहे. डबीतली चकती मधोमध तडकलेली निघाली. दोष आकृतीचा म्हणता येणार नाही. आकृती जशी छापली तशी मी आंधळेपणाने जोडली, हा दोष माझाच.

यावरचा उपाय चार आण्यांचा होता आणि आजही फार महाग नाही. प्लेट आणि क्रिस्टल सॉकेट यांच्यामध्ये १००० पिकोफॅरडचा, निदान एक किलोव्होल्ट सोसणारा सिरॅमिक किंवा चांगला मायका कपॅसिटर घालावा. रेडिओच्या वारंवारतेला तो वाट देतो, डीसीला अडवतो. क्रिस्टलवरचा डीसीचा ताण जातो, हा आणखी एक लाभ. मात्र ज्याने जुना, गळका कागदी कपॅसिटर इथे लावला त्याने काहीच लावले नाही असे समजावे. त्याहून उत्तम म्हणजे मांडणीच अशी निवडावी की क्रिस्टल ग्रिड आणि चासिस यांच्यामध्ये येईल. मग सॉकेटाचे एक टोक चासिसवर जाते आणि प्लेटचा संबंधच उरत नाही. छायाचित्रातल्या संचात यांपैकी कोणती मांडणी आहे हे वरून कळत नाही, म्हणून माझी काळजी. कपॅसिटर असला तरी क्रिस्टल बदलताना एच.टी.चा स्विच बंद करावाच. तसेच फिल्टरच्या कपॅसिटरवर एच.टी. काही काळ साठून राहते, म्हणून त्याला समांतर, ती हळूहळू उतरवणारा ब्लीडर रेझिस्टन्स हवा. गिरणीत आम्ही मेन स्विच काढून वर स्वतःचे कुलूप लावत असू. घरच्या टेबलावर तेवढे नको, पण स्विच तरी बंद करावा.

अशा सॉकेटाशेजारी ‘क्रिस्टल’ असे ठळक लिहिणेही आवश्यक आहे. दिसायला ते व्हॉल्व्हच्या सॉकेटासारखेच असते, नव्हे तेच असते, आणि घाईत त्यात व्हॉल्व्ह लावणारे किंवा उलट व्हॉल्व्हच्या मोकळ्या सॉकेटात क्रिस्टल दाबणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यात एकदा मीही होतो.

सॉकेट निवडण्याबाबत थोडे. पांढऱ्या सिरॅमिकचे सॉकेट सर्वांत चांगले, पण काळे बेकेलाइटही तीन-सात मेगाहर्ट्झवर पुरेसे. जुन्या अॅम्प्लिफायरच्या आउटपुट व्हॉल्व्हखालून काढलेल्या सॉकेटाकडे मात्र मी संशयाने पाहतो. तिथे वर्षानुवर्षे उष्णता आणि तीन-चारशे व्होल्ट सोसून बेकेलाइटच्या पृष्ठभागावर कोळशाची बारीक काळी रेघ पडलेली असते. डोळ्यांना ती धूळ वाटते आणि मल्टिमीटरही तिला पकडत नाही. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे उच्चदाब लावून इन्सुलेशन तपासणारे मीटर, लावला की खरे कळते. अशी रेघ ग्रिडच्या बाजूला आली तर ऑसिलेटर कधी सुरू होतो, कधी होत नाही. ते सॉकेट सरळ टाकून द्यावे.

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना आणखी एक शत्रू ठाऊक आहे, तो म्हणजे यंत्रमागांचे तूस. टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांच्या आसपास दारे-खिडक्या लावल्या तरी ते घरात येतेच आणि सॉकेटाच्या भोकांत जाऊन बसते. माझ्याकडच्या एका सॉकेटाच्या सहाव्या भोकातून मी सुईने ओढून काढलेली निळ्या सुताची गुंडाळी मसुराएवढी होती. सॉकेट आधी ब्रशने झाडावे, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. आमच्या मे महिन्याच्या उन्हात त्याला दहा मिनिटे पुष्कळ होतात. नंतर प्रत्येक भोकात एक सुटी पीन घालून उपसून पाहावी. जिथे पीन आपोआप घसरते तिथली पकड बारीक सुईने आत ढकलून आवळावी. न वापरल्या जाणाऱ्या भोकांना कापसाचे बोळे लावू नयेत, हे सांगायची गरज पडू नये. पण तूस येऊ नये म्हणून कापूस लावलेला संच मी पाहिलेला आहे.

एफटी-२४३ आता सहज मिळत नाहीत. धातूच्या चपट्या एचसी-६ क्रिस्टलच्या पिनांमधले अंतर तेच ०.४८६ इंच असल्यामुळे ते ऑक्टलमध्ये बसल्यासारखे वाटते. परंतु त्याची पीन ०.०५० इंचांची, म्हणजे जवळपास अर्धी, त्यामुळे ते सैल राहते आणि टेबलाला धक्का लागला तरी सूर तुटतो. बाजारात सर्रास मिळते ते एचसी-४९, आणि त्याच्या तारांमधले अंतर पाच मिलिमीटरहून थोडे कमी. या दोहोंसाठी उत्तम वाहन म्हणजे मेलेल्या व्हॉल्व्हचा बेकेलाइटचा बुडखा. काच फुटकी आहे असा ऑक्टल व्हॉल्व्ह जाड फडक्यात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा ठेवून, काच आणि जुना सिमेंट काढून टाकावा. पिना पोकळ असतात. आयर्नने एकेक पीन तापवून झटकली की आतले सोल्डर गळून पडते आणि व्हॉल्व्हची जुनी तार निघते. मग एक आणि तीन या पिनांतून एचसी-४९ च्या दोन तारा खाली ओवाव्यात, टोकाला सोल्डर भरावे आणि बाहेर राहिलेला थेंब कानशीने घासून पीन पुन्हा गोल करावी. थेंब तसाच राहिला तर तो सॉकेटाची पकड कायमची फाकवतो. बुडख्यात जागा भरपूर असते; ट्रिमरही आत राहतो आणि वरून स्क्रूड्रायव्हर घालून फिरवता येतो. बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून आकडा लिहिला की नव्या क्रिस्टललाही जुन्या डबीसारखी मूठ मिळते. भारतीय रंगीत टीव्हीतून निघणारी ४.४३ मेगाहर्ट्झची क्रिस्टल हौशी रेडिओला दिलेल्या वारंवारतांच्या पट्ट्याबाहेरची, म्हणजे बँडबाहेरची, असल्याने ट्रान्समीटरला चालत नाहीत, फिल्टर बांधायला चालतात. ती या बुडख्यांत वाया घालवू नयेत.

नव्या क्रिस्टलबाबत एक मर्यादा मात्र आहे. युद्धकाळातली मोठी चकती बरेच सोसत असे, तरी ६एल६ सारख्या दणकट व्हॉल्व्हच्या पॉवर ऑसिलेटरमध्ये ती तापून तडकल्याची उदाहरणे जुन्या लोकांकडे भरपूर होती. एचसी-४९ ची सहनशक्ती सहसा एक मिलिवॉटच्या आसपास. ते अशा ऑसिलेटरमध्ये लावणे म्हणजे मातीच्या पणतीवर स्वयंपाकाचे पातेले ठेवणे. ऑसिलेटर कमी दाबावर, शंभर-सव्वाशे व्होल्टवर हळू चालवावा आणि ताकद पुढच्या टप्प्यात घ्यावी. जुन्या डबीला क्रिस्टलबरोबर एकसरीत (सिरीजमध्ये) ६० मिलिअँपिअरचा छोटा दिवा जोडण्याची पद्धत होती. दिवा मंद लुकलुकला की ठीक, लख्ख पेटला की स्विच बंद, आणि उशीर झालाच तर क्रिस्टलऐवजी दिवा जात असे.

आता सॉकेट मिळवायचे कुठून, हे त्या विद्यार्थ्याने विचारले आणि आपल्या वाचकांनाही विचारावेसे वाटेल. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यांच्या बाजूला, लग्नाच्या मांडवात आणि गणपतीपुढे जे व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर एकेकाळी वाजत, त्यांत ६एल६ किंवा ईएल३४ असत आणि ते दोन्ही ऑक्टल. त्यांचे सांगाडे अजून माळ्यांवर आणि भंगाराच्या दुकानांत सापडतात. साठीच्या दशकातल्या घरगुती रेडिओत मात्र बहुतेक नऊ पिनांची छोटी सॉकेट असतात. त्यांच्या वर्तुळाचे गणित यापैकी कोणत्याच क्रिस्टलशी जुळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी चांगला रेडिओ मोडू नये. पण भंगार धुंडाळण्याचीही तशी गरज नाही. कारखान्यांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये काढ-घाल करता येणारे आठ गोल पिनांचे रिले आणि टायमर असतात, त्यांचा बेस म्हणजे हेच ऑक्टल. अशी शेकडो बेस मी आयुष्यात बसवली. ६एल६, ईएल३४ यांसारख्या व्हॉल्व्हची हीटर ज्या दोन आणि सात पिनांवर असे, त्याच दोन आणि सातवर त्या रिलेची कॉइल असते, एवढे त्यांचे नाते जवळचे. स्क्रूच्या टर्मिनलचा असा कोरा बेस इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानात आजही मिळतो. सोल्डरिंगला हात बसलेला नाही अशा विद्यार्थ्याने तोच घ्यावा. त्यातल्या धातूच्या पट्ट्या लांब असल्याने कपॅसिटी थोडी वाढते, ती साडेतीन आणि सात मेगाहर्ट्झवर चालून जाते. म्हणजे छायाचित्राखालच्या ओळीतला ‘भंगारातल्या’ हा शब्दही तसा अपुराच.

मजकुरात परवान्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत ओझरता आहे. हौशी रेडिओचा परवाना परीक्षा देऊन केंद्र सरकारकडून घ्यावा लागतो आणि त्याशिवाय असा संच बाळगणे किंवा चालवणे गुन्हा आहे.  क्रिस्टल निवडतानाही पाटीवर बरोबर ७००० किलोसायकल लिहिलेले घेऊ नये. सॉकेटाच्या कपॅसिटीने ते काहीशे हर्ट्झ खाली सरकले की आपण बँडच्या बाहेर गेलो, आणि तेही नकळत. ७०१० किंवा ७०३० चे घ्यावे.

आपल्या पुरवणीत संचाचे वरून, समोरून आणि तो बनवणाऱ्यासह अशी तीन छायाचित्रे आहेत. खालून एकही नाही. संबंधित तरुणाची हरकत नसेल तर चासिस उलटी करून सॉकेटाच्या टॅगचे एक छायाचित्र पुढील रविवारी छापावे आणि प्लेटकडून येणाऱ्या तारेत कपॅसिटर आहे की नाही, हे त्याला विचारून त्याखाली लिहावे. नसेल तर छापण्याआधी त्याला तेवढे बसवायला सांगावे.

आपला,
एक परवानाधारक हौशी रेडिओचालक व जुना वाचक,
पूर्व भाग, सोलापूर